सव्वा महिना थांबू नका : लहान मुलांच्या डोळ्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मोठ्यांच्या मोतीबिंदूवर लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की मुलांच्या डोळ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. निम्मे तर आपल्या ठाणे-नवी मुंबईतलेच. काही सारखे होते ते एकत्र केलेत, नावं काढलीत. या वेळी उत्तरांत ऑपरेशनबद्दल कमी आणि तारखांबद्दल जास्त सापडेल, कारण ज्या मुलांची नजर वाचू शकते त्यातल्या बऱ्याच जणांचा निकाल माझ्यासारख्या डोळ्यांच्या डॉक्टरणीच्या टेबलापर्यंत यायच्या आधीच लागलेला असतो, लसीच्या रांगेत, अंगणवाडीत, नाहीतर डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीत.

प्रश्न : मला जुळी मुलं झालीत, ३० आठवड्यांतच. एकाचं वजन १३०० ग्रॅम, धाकट्याचं ११५०. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, आता घरी आलोय. कार्डावर 'आरओपी स्क्रीनिंग' असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात सव्वा महिना झाल्याशिवाय बाळांना बाहेर काढायचं नाही, आणि खरं सांगायचं तर दोघं लाईटकडे टकामका बघतात पण. थांबलं तर चालेल ना? (घोडबंदर रोड, ठाणे)

नाही चालणार. उद्या सकाळी न्या, दोघांनाही. आधी फोन करून वेळ घ्या, हे पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

सासूबाईंवर रागावू नका. सव्वा महिना घरात ठेवायचं ते बाळाला बाहेरची लागण होऊ नये म्हणून, विचार वाईट नाहीये. पण ही पद्धत पडली त्या काळात साडेअकराशे ग्रॅमचं बाळ जगतच नव्हतं, त्यामुळे त्याच्या डोळ्यांचं काय करायचं हे कुणाला ठरवावंच लागलं नाही.

आरओपी म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार. होतं काय, की डोळ्याच्या आत जो पडदा असतो त्याच्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात असताना अगदी शेवटपर्यंत वाढत असतात, दिवस भरता भरता त्या कडेपर्यंत पोचतात. बाळ दहा आठवडे आधी आलं की ती वाढ मधेच थांबते, वर पेटीतला ऑक्सिजन, आणि मग काही आठवड्यांनी तिथे भलत्याच नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटायला लागतात, त्या पडद्याला ओढतात आणि पडदा सुटतो. हे सगळं आत चाललेलं असतं. बाहेरून डोळा एकदम छान, टपोरा, लाईटकडे बघणारा. टकामका बघण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला १९४२ साली, बॉस्टनच्या डॉ. टेरींनी. तेव्हा अमेरिकेत पेट्या नवीन, ऑक्सिजन भरपूर, आणि बाळं जगतायत म्हणून सगळे खुश, पण हजारो बाळांची नजर गेली. गायक स्टीव्ही वंडर त्यातलाच, १९५० साली दिवस भरायच्या आधी जन्मलेला. ऑक्सिजनशी संबंध आहे हे कळायला ५० चं दशक उजाडावं लागलं. आता श्रीमंत देशात ऑक्सिजन मोजूनमापून देतात आणि तपासणी चुकत नाही, अगदी गरीब देशात एवढी लहान बाळं बऱ्याचदा वाचतच नाहीत, आणि आपण मधे. आपल्याकडे पेट्या आल्या, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नवजात बाळांचे विभाग झाले, बाळं वाचायला लागली (ही फार मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाहीये), पण ऑक्सिजनवर नजर ठेवणं आणि पडदा तपासणं त्या मानाने मागेच राहिलं.

आपल्याकडचा नियम साधा आहे. ३४ आठवड्यांच्या आत झालेलं किंवा २ किलोच्या आतलं कुठलंही बाळ, जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचा. २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. अमेरिकेत ही रेषा दीड किलो आणि ३० आठवड्यांवर आहे, आपण मुद्दाम वर ठेवलीय कारण इथे त्याहून जड बाळांनाही हे होताना दिसतं. म्हणजे तुमच्या धाकट्याची तपासणी खरं तर पेटीत असतानाच व्हायला हवी होती. कार्डावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ लिहून भागत नाही हो, ती आईला वाचून दाखवावी लागते, तारीख घालून. हॉस्पिटलचं नाव तुम्ही कळवलंत, मी छापत नाहीये, पण हे फक्त त्यांच्याकडेच होतं असं अजिबात नाही.

तपासणीला घाबरू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, पापण्या एका छोट्या क्लिपने उघड्या ठेवतात, काही मिनिटांचं काम. बाळ रडेल, तुम्हाला बघवणार नाही, बाहेर थांबा. जायच्या लगेच आधी दूध पाजू नका, उलटी होते. ठीक असलं तरी 'परत या' म्हणतील, एक-दोन आठवड्यांनी, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि लोक नेमकी दुसरी नाहीतर तिसरी फेरी चुकवतात. लेझर किंवा इंजेक्शन लागेल असं सांगितलं तर दोन-तीन दिवसांत करायचं असतं, गावाहून मामा आल्यावर विचार करू असं नाही.

प्रश्न : मी नर्सिंगला आहे. विकसनशील देशांत मुलांच्या अंधत्वाचं एक नंबरचं कारण कोणतं असं परीक्षेत विचारतात. व्हिटॅमिन ए लिहू की मोतीबिंदू? प्रत्येक पुस्तकात वेगळं दिलंय. (नेरुळ)

पुस्तकं वेगवेगळं सांगतात, कारण उत्तर खरंच जागेप्रमाणे बदलतं. परीक्षेत तुमच्या मॅडम सांगतील ते लिहा, पण डोक्यात चित्र असं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा जो आकडा वर्षानुवर्षं वापरात आहे तो जगभरात साधारण १४ लाख अंध मुलांचा, त्यातली तीन चतुर्थांश आफ्रिका आणि आशियातल्या गरीब भागांत. श्रीमंत देशात १०,००० मुलांमागे तीन-चार, सगळ्यात गरीब भागात बारा ते पंधरा. अगदी गरीब ठिकाणी बुबुळ जातं, म्हणजे आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो ते, गोवर आणि व्हिटॅमिन ए ची कमतरता मिळून, शिवाय डोळ्यात घातलेली झाडपाल्याची औषधं. गोवराची लस आणि जेवण सुधारलं की ते कमी होतं आणि मग मोतीबिंदू, काचबिंदू आणि वर सांगितलेला कमी दिवसांच्या बाळांचा पडदा ही कारणं वर येतात. श्रीमंत देशात उरतं ते मुख्यतः मेंदू आणि डोळ्याच्या नसेचं. भारतात हे तिन्ही थर एकाच वेळी सापडतात, एकाच जिल्ह्यात सुद्धा, शहापूरचा पाडा आणि घोडबंदरचा टॉवर.

आकडा मोठ्यांच्या मानाने लहान वाटतो, पण चार महिन्यांचं बाळ आंधळं झालं तर पुढची पन्नास-साठ वर्षं मोजा. तशी वर्षं धरली तर मोठ्यांच्या मोतीबिंदूच्या खालोखाल हाच प्रश्न येतो. आणि यातलं जवळजवळ निम्मं टाळता येण्यासारखं किंवा उपचार होण्यासारखं आहे.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. व्हिटॅमिन ए च्या डोसाला आया येत नाहीत, म्हणतात पोलिओचा झालाय की, परत परत काय. आणि एक साडेतीन वर्षांचं पोरगं आहे, दिवेलागणीला चाचपडत चालतं, बादलीला अडकून पडतं. घरचे म्हणतात धांदरट आहे. मला तसं वाटत नाही. (तुर्भे, नवी मुंबई)

ताई, मलाही तसं वाटत नाही. आधी त्या पोराचं बघू, बाकीचं मग.

दिवसा नीट आणि अंधार पडला की चाचपडणं म्हणजे रातांधळेपणा समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. अंधुक उजेडात बघायला पडद्याला जो रंगकण लागतो तो व्हिटॅमिन ए पासूनच बनतो, साठा संपला की पहिलं हेच बंद पडतं. उजेडात घेऊन त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग बघा, कानाकडच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा कोरडा ठिपका दिसतोय का, त्याला बिटॉट स्पॉट म्हणतात. दिसो न दिसो, त्याला याच आठवड्यात आरोग्य केंद्रात पाठवा, शक्यतो स्वतः जा कारण घरचे नेणार नाहीत. उपचाराचा डोस नेहमीच्या सहामाही डोसापेक्षा वेगळ्या हिशेबाने देतात, तो डॉक्टरच ठरवतील. व्हिटॅमिनचंच असेल तर दोन-तीन दिवसांत संध्याकाळचं चालणं सुधारतं, घरच्यांनाही पटतं. नाही सुधारलं तर पडद्याचा वंशपरंपरेने येणारा आजार असू शकतो, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

घाई का करायची ते सांगते. रातांधळेपणा आणि ठिपका इथपर्यंत सगळं परत फिरतं. त्याच्या पुढे बुबुळ कोरडं पडून मऊ होतं आणि मग दिवसांत, महिन्यांत नाही, दिवसांत विरघळतं, त्यात मधे गोवर किंवा जोराचे जुलाब लागले की संपलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की जगात वर्षाला अडीच ते पाच लाख मुलं अशी आंधळी होतात आणि त्यातली निम्मी वर्षभरात दगावतात. डोळ्यावरचा ठिपका हे खरं तर आख्खं शरीर रिकामं असल्याचं लक्षण आहे. अल्फ्रेड सॉमर नावाचे अमेरिकन डोळ्यांचे डॉक्टर इंडोनेशियात मुलांचा रातांधळेपणा मोजत होते, त्यांच्या लक्षात आलं की अगदी हलकी लक्षणं असलेली मुलं सुद्धा इतरांपेक्षा जास्त मरतायत. मग आचे भागात काही गावांना डोस दिले, काहींना नंतर, आणि डोस दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी भरले. १९८६ साली हे छापलं तेव्हा बऱ्याच लोकांचा विश्वास बसला नव्हता, एवढ्या स्वस्त औषधाने एवढं?

आयांना सांगायचं असं. पोलिओचा थेंब वेगळा, हे औषध वेगळं, हे खुणेच्या चमच्याने देतात. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ मिली, म्हणजे १ लाख युनिट, मग सोळा ते अठरा महिन्यांत २ मिली, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी पाच वर्षांचं होईपर्यंत, एकूण नऊ डोस. पहिला डोस लसीबरोबर असतो म्हणून होऊन जातो, गळती होते ती नंतर, कारण लस नसते तर आई कशाला येईल. एखाद्याला डोसानंतर दिवसभर डोकं दुखतं किंवा उलटी होते, ती थांबते. पण कार्डावर लिहाच, डबल डोस नको. आणि गोवर आलेल्या मुलाला तर हे औषध लागतंच, लागोपाठ दोन दिवस. आपल्याकडे अजून गोवर आला की दारं-खिडक्या बंद, कडुलिंबाचा पाला, डॉक्टरकडे न्यायचं नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवराची साथ आली आणि मुलं गेली हे विसरू नका.

जेवणाचं बोलायचं तर चिडायलाच होतं. तुमच्याच तुर्भ्यात एवढं मोठं मार्केट, ट्रकच्या ट्रक भाजी उतरते आणि डोंगराकडच्या वस्तीतल्या पोराच्या ताटात नुसता भात नाहीतर बिस्किटं चहात बुडवून. महागाची गाजरं लागत नाहीत. शेवग्याचा पाला, अळू, राजगिऱ्याची भाजी, लाल भोपळा, पिकलेली पपई, अंडं, खात असतील तर कलेजी. भाजी नुसती उकडून देऊ नका, तेलाची फोडणी हवीच, तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. आणि नुकत्याच बाळंत झालेल्या आईचा पिवळा चीक पिळून टाकून देतात ना, तो बाळाचा व्हिटॅमिन ए चा पहिला साठा, तेवढं तरी थांबवा.

प्रश्न : आमच्या सुनेला डॉक्टरांनी नातवाला काजळ घालू नका सांगितलंय. आमच्या घरात सगळी काजळावर वाढली, डोळे मोठे होतात, थंड राहतात. घरी केलेलं काजळ असतं, बाजारचं नाही. (एक आजी, नौपाडा)

आजी, सूनबाईंचं बरोबर आहे, यात मी तुमच्या बाजूने येऊ शकत नाही. घरचं असलं तरी बोट तेच, काजळी तीच, आणि बोटाने डोळ्यात काही घातलं की त्याबरोबर जंतू पण जातात. हौस आहे ना, मग गालावर तीट लावा, तळपायाला लावा, कानामागे लावा. डोळ्यात मात्र काही नाही.

काजळाने डोळे मोठे होत नाहीत. उलट तान्ह्या बाळाचा डोळा खरंच इतरांपेक्षा मोठा दिसत असेल, सारखं पाणी येत असेल, उजेडात आणलं की घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ जरा धुरकट वाटत असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. सगळे म्हणतात किती टपोरे डोळे, आणि आत दाब वाढून नस चाललेली असते. नुसतं पाणी येणं हे बहुतेक वेळा नाकाकडची नळी उघडली नसल्यामुळे असतं, डॉक्टरांनी दाखवलेला मसाज करत राहिलं की वर्षाच्या आत सुटतं. पण पाणी आणि उजेड सहन न होणं एकत्र असेल तर थांबू नका.

बरेच जण मध, आईचं दूध, गुलाबपाणी, कसल्याकसल्या पाल्याचा रस घालतात. टांझानिया, मलावीकडे अशा रसांनी बुबुळं गेलेली मुलं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलीत, आपल्याकडेही दिसतात, फक्त घरचे सांगत नाहीत की काय घातलं. आणि जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात डोळ्यातून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर. हा संसर्ग एकेकाळी युरोपातल्या अंधशाळा भरायचा, १८८१ साली लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी जन्मल्याबरोबर डोळ्यात औषधाचा एक थेंब घालण्याचं लिहून काढलं आणि दहातल्या एका बाळाला होणारा हा त्रास शंभरात एकाच्या खाली आला.

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांची आहे. फ्लॅश मारून फोटो काढला की एका डोळ्यात लाल येतं आणि दुसऱ्यात पांढरं. मिसेस म्हणतात मोबाईलचा दोष. वर्षाची झाली की दाखवावं म्हणतोय, एवढ्या लहान बाळाचं काय तपासणार. (खारघर)

दादा, याच आठवड्यात दाखवा, तीन महिन्यांच्या बाळाचं सगळं तपासता येतं. मोबाईलच्या कोनामुळे असं कधीकधी येतं हे खरंय, मला तर मनापासून वाटतं तेच निघावं. पण बाहुलीत पांढरं दिसण्याची बाकीची कारणं थांबण्यासारखी नाहीत.

एक म्हणजे जन्मजात मोतीबिंदू. लोकांना वाटतं मोतीबिंदू म्हणजे पिकू द्या, मग काढू. बाळाच्या बाबतीत उलटं. मेंदू बघायला शिकतो तो याच महिन्यांत, डोळ्यातून चित्र आलं नाही तर तो त्या डोळ्याचा नाद सोडतो, आणि मग पाच वर्षांनी कितीही सुंदर ऑपरेशन करा, दिसत नाही. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर साधारण सहा आठवड्यांत, दोन्हीत असेल तर आठ-दहा आठवड्यांत काढलेला चांगला. तुमचे तीन महिने झालेत, म्हणजे आता दिवस घालवायचे नाहीत, सोडून द्यायचं असं मात्र नाही. ऑपरेशन हा तर सोपा भाग, पुढे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, चांगल्या डोळ्यावर पट्टी, वर्षानुवर्षं. एक गोष्ट स्पष्टच लिहिते, अनेक देशांत दिसलंय की अशा ऑपरेशनला मुलींना उशिरा आणतात आणि पुढच्या तपासणीला पण कमी आणतात. तुम्ही मुलीचं विचारलंत म्हणून बरं वाटलं.

दुसरं कारण पडद्याचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, दुर्मिळ आहे, पण होतो तो बहुतेक पाच वर्षांच्या आतच आणि बऱ्याचदा असाच फोटोत सापडतो. लवकर सापडला तर मूल वाचतं, पुष्कळदा डोळाही. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये यावर उपचार होतात. गरीब देशांत मुलं याने दगावतात ती उशिरा आणल्यामुळे, डोळा बाहेर आल्यावर.

मोतीबिंदूच्या मागे काय असतं हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. काहींचं वंशपरंपरेने, बऱ्याच जणांचं कारण सापडतच नाही, आणि एक कारण पूर्ण टाळता येण्यासारखं, रुबेला. १९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकापाठोपाठ यायला लागली, त्यांनी आयांचं नीट ऐकून घेतलं तेव्हा कळलं की बहुतेकींना गरोदरपणात जर्मन गोवर येऊन गेला होता. ७८ बाळांची माहिती त्यांनी मांडली. आईला जेमतेम पुरळ येतं, दोन दिवसांत जातं, बाळाचे डोळे, कान, हृदय सगळ्यावर घाव. लस १९६९ पासून आहे, आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आली २०१७ ला आणि महाराष्ट्रात मोठी मोहीम झाली नोव्हेंबर २०१८ ला, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना, शाळाशाळांतून. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं आणि किती आईबापांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवलं ते तुम्हालाही आठवत असेल. ती मुलं आता मोठी होतायत, काहींची लग्नं होतील. ज्या मुलींची तेव्हा राहिली त्यांनी लग्नाआधी, म्हणजे दिवस राहायच्या बरंच आधी, डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

प्रश्न : माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवते. आईला सांगितलं तर म्हणाली, बाई, चष्मा लावला की नंबर वाढतच जातो आणि पुढे लग्नाला प्रॉब्लेम. (शिक्षिका, घणसोली)

चष्म्याने नंबर वाढत नाही, वाढायचा तो वाढतोच, चष्मा फक्त दाखवतो. उलट लहानपणी एका डोळ्याला नंबर जास्त असून चष्मा दिला नाही तर तो डोळा आळशी पडतो, आणि सात-आठ वर्षांनंतर त्याला जागं करणं अवघड होत जातं. मुलांची नजर कमी असण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच आहे, न लागलेला चष्मा. इथे लेझर नको, परळ नको, एक फ्रेम हवी.

मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला सुरू झाला, आणि पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत, त्यात नजर, जन्मजात मोतीबिंदू, व्हिटॅमिन ए सगळं येतं. टीम शाळेत येते तेव्हा ही मुलगी गैरहजर राहू देऊ नका, नेमकी अशीच मुलं त्या दिवशी येत नाहीत. गरीब घरच्या मुलांना शाळेच्या तपासणीतून चष्मा फुकट मिळतो. मिळाल्यावर तो दप्तरातच राहतो, हा खरा त्रास, मुलं चिडवतात म्हणून. ते तुमच्या हातात आहे बाई, माझ्या नाही. आणि सगळ्यांनाच रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळू द्या, लांबचा नंबर लागणं त्याने कमी होतं हे आता चांगलंच सिद्ध झालंय.

प्रश्न : भाच्याने आजोबांच्या तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबली, डोळ्यात उडाला. आम्ही लगेच रिक्षाने हॉस्पिटलला नेलं, तरी डॉक्टर ओरडले, धुतला का नाही म्हणून. आमचं काय चुकलं? (वागळे इस्टेट)

डॉक्टरांनी ओरडायला नको होतं, पण म्हणणं बरोबर होतं. चुना बुबुळात शिरत जातो, रिक्षातल्या वेळातही. डोळ्यात चुना, ॲसिड, ब्लीचिंग काहीही गेलं तर जिथे असाल तिथल्या नळाखाली, बाटलीने, तांब्याने, अर्धा तास धुवा, पापणी उघडी धरून, पोर कितीही किंचाळो. चुन्याचे खडे पापणीखाली अडकतात, ते निघाले पाहिजेत. मग हॉस्पिटल. तूप, मध, लिंबू काही नाही. हा अपघात आपल्याकडे एवढा होतो आणि त्यावर एवढं कमी बोललं जातं याचं मला नवल वाटतं, फटाक्यांबद्दल दर दिवाळीला छापतो आपण, चुन्याबद्दल कोण लिहितं? आजोबांना सांगा, ट्यूब मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. तंबाखूच सोडली तर उत्तमच.

प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. मामाच्या घरात एक भाऊ जन्मापासून अंध आहे. काही धोका? (सानपाडा)

आहे. आते-मामेभावंडांचे साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, त्यामुळे घराण्यात लपून असलेला पडद्याचा आजार दोघांकडून एकाच बाळात उतरण्याची शक्यता वाढते. घरात आधीच एकजण अंध असेल तर 'आमच्याकडे पिढ्यानपिढ्या अशीच लग्नं झाली' हे उत्तर पुरत नाही. आधी त्या भावाचं निदान नक्की काय आहे ते शोधा, सगळं अंधत्व जन्मजात असलं तरी वंशपरंपरेचं नसतं. मग जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे दोघं जा. लग्नाआधी जा, साखरपुड्याचा हॉल बुक व्हायच्या आधी तर फारच उत्तम.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची, सातव्या महिन्यात झालेली. दोन्ही पडदे सुटलेत, डॉक्टर म्हणाले आता नजर येणार नाही. नातेवाईक रोज नवीन हॉस्पिटल सुचवतात, चेन्नईला जा, हैदराबादला जा. कर्ज काढू का? (कळवा)

एक दुसरं मत घ्या, मुलांच्या पडद्याचं काम करणाऱ्या डॉक्टरचं, सगळे कागद घेऊन. त्यांनीही तेच सांगितलं तर तिसऱ्या-चौथ्यासाठी कर्ज काढू नका, असं मला वाटतं. पैसा आणि वेळ तिला पुढे लागणार आहे.

थोडा उजेड-अंधार कळतोय का ते नीट तपासून घ्या, कळत असेल तर त्याचा वापर शिकवता येतो. तिला उचलून उचलून फिरवू नका, पडू द्या, हात लावू द्या, भांडी वाजवू द्या, तिच्याशी सतत बोला, आता काय करतोय ते सांगत राहा. बघता न येणारी मुलं उशिरा चालतात ती बऱ्याचदा घरच्यांनी जमिनीवर सोडलेलीच नसतात म्हणून. जिल्हा पातळीवर लवकर उपचारासाठीची केंद्रं आहेत, तिथे नाव नोंदवा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आत्ताच काढून ठेवा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत तिला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत, शाळेने 'आमच्याकडे सोय नाही' म्हटलं तर हा कायदा दाखवा.

आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती याच महिन्यात करा. कमी दिवसांच्या बाळांना ऐकण्याचाही त्रास असू शकतो, आणि तो लवकर सापडला तर मशीन लावता येतं.